नव्या वर्षातलं ‘पुनश्च’

(जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



नव्या वर्षाच्या शुभेच्छा देऊन सुरुवात करायचा रिवाज आहे, तेव्हा त्या आधी देऊन टाकतो. पण तत्त्वज्ञानाच्या माणसाची एक खोड असते. त्याला कुणी ‘नवं वर्ष सुखाचं जावो’ म्हटलं, की तो विचारतो, ‘नवं म्हणजे काय?’ आमच्या घरचे या खोडीला कंटाळलेले आहेत. तुम्ही मात्र आपण होऊन ऐकायला आला आहात, तेव्हा तुमच्यापुढे विचारायला हरकत नाही.

३१ डिसेंबरच्या रात्री झोपलेला माणूस आणि १ जानेवारीला सकाळी उठलेला माणूस, यांच्यात काय बदललं? गुडघा तोच दुखतो. कर्जाचा हप्ता तोच असतो. शेजाऱ्याशी धरलेला अबोलाही तोच. तरी आपण म्हणतो, ‘आता नव्याने सुरुवात करू.’ या वाक्याला काही अर्थ आहे का, आणि असला तर कोणता, एवढाच आजचा विषय आहे.

नवं वर्ष येतं तरी कधी?

या प्रश्नाला आपलं सोलापूर फार सोयीचं गाव आहे. इथे वर्षातून किती वेळा नवं वर्ष येतं, मोजून पाहा. १ जानेवारी झाली. चैत्र शुद्ध प्रतिपदेला मराठी घरांवर गुढी उभी राहते आणि त्याच दिवशी पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आणि आपल्या कन्नड घरांत उगादी असते. १ एप्रिलला बँकांचं आणि सरकारचं आर्थिक वर्ष सुरू होतं. जूनमध्ये शाळेचं. मोहरमला हिजरी सन बदलतो. तो शुद्ध चांद्र असल्यामुळे दर वर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकतो. दिवाळीच्या पाडव्याला व्यापाऱ्यांचं वर्ष. शिवाय भारत सरकारचं एक राष्ट्रीय पंचांग आहे, ते आपल्याला आठवतसुद्धा नाही. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ते सुचवलं आणि २२ मार्च १९५७ ला, म्हणजे १ चैत्र शके १८७९ ला, ते लागू झालं.

आता यांतलं ‘खरं’ नवं वर्ष कोणतं? पृथ्वी सूर्याभोवती फिरते, पण तिच्या वाटेवर कुठेही ‘इथून फेरी सुरू’ असा दगड रोवलेला नाही. १ जानेवारीचं तरी काय? रोममध्ये इसवी सनापूर्वी १५३ पासून तिथले मुख्य अधिकारी, ज्यांना कॉन्सल म्हणत, त्या दिवशी पदावर यायला लागले. म्हणजे ती कारभाराच्या सोयीची तारीख. ज्या इंग्रजांकडून आपण ती घेतली, त्यांच्या कायद्यातलं वर्ष १७५१ पर्यंत २५ मार्चला सुरू होत असे. मग त्यांनी १ जानेवारी ठरवली आणि त्यापायी १७५१ हे साल तिथे फक्त २८२ दिवसांचं झालं! कायदा केला आणि वर्ष आखूड झालं.

यावर एखादा हुशार विद्यार्थी म्हणेल, ‘सर, म्हणजे हे सगळं खोटंच की.’ तर तसं नाही. माणसांनी ठरवलेली गोष्ट खोटी असते, असं समजायचं कारण नाही. शंभराची नोट कागद म्हणून काही शंभर रुपयांची नसते, आपण सगळ्यांनी ती तशी मानलेली असते. लग्न हीसुद्धा मानण्याचीच गोष्ट, पण लग्न खोटं असतं असं घरी जाऊन म्हणून पाहा! रेघ निसर्गाने मारलेली नाही, आपण मारली आहे. म्हणून तिचा उपयोग काय करायचा, हेही आपल्यालाच ठरवावं लागतं.

तिचा उपयोग होतो, हे खरं आहे. २०१४ मध्ये हेंगचेन दाई, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस या अमेरिकेतल्या संशोधकांनी याच विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. नवा आठवडा, नवा महिना, नवं वर्ष, वाढदिवस अशा टप्प्यांनंतर लोक व्यायामाकडे आणि इतर संकल्पांकडे जास्त वळतात, असं त्यांना दिसलं. कारण असं दिलं जातं, की हा टप्पा आपल्या आणि आपल्या जुन्या अपयशांच्या मध्ये एक रेघ ओढतो. ‘ते आळशी गृहस्थ गेल्या वर्षीचे, मी या वर्षीचा.’

पण मी तोच आहे का?

इथेच खरी गाठ आहे. मी गेल्या वर्षीचा नसेन, तर मी कोण आहे?

आपल्याकडे हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वी विचारला गेला. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. नागसेन राजाला विचारतो, की रात्रभर दिवा जळतो, तर पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच का? एकच म्हणता येत नाही, कारण जळणारं तेल वेगळं आहे. वेगळी म्हणता येत नाही, कारण दिवा एकच आहे आणि एका ज्योतीतून पुढची निघाली आहे. माणसाचंही तसंच, असं नागसेनाचं म्हणणं.

त्याच ग्रंथात एक आंब्याचा चोर आहे. मला तो फार आवडतो. तो म्हणतो, ‘या माणसाने लावली ती कोय वेगळी, मी तोडले ते आंबे वेगळे. मी त्याचं काहीच घेतलेलं नाही!’ युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण चोराला शिक्षा होतेच, कारण तोडलेला आंबा लावलेल्या कोयीपासूनच आला आहे.

आता ३१ डिसेंबरला आपण काय करतो ते पाहा. आपण या चोराचे वकील होतो. ‘तो मी गेल्या वर्षीचा, हा मी नवा.’ पण हा युक्तिवाद दोन्ही बाजूंनी कापतो, हे आपल्या ध्यानात येत नाही. मागच्या वर्षीचा मी वेगळा असेन, तर त्याच्या चुकांचं देणं माझ्यावर नाही, हे ठीक. पण मग आज रात्री संकल्प करणारा मीसुद्धा उद्या सकाळी वेगळाच असणार. तो संकल्प पाळायचा कुणी? नवा माणूस म्हणेल, ‘मी कुठे शब्द दिला होता?’

म्हणून माझं आजचं मुख्य म्हणणं असं आहे: सुरुवात करायला कुणीतरी जुना माणूस लागतो. पूर्ण नवा झालेला माणूस सुरुवात करू शकत नाही, कारण शब्द पाळण्यासाठी शब्द देणारा टिकावा लागतो.

आपल्या भाषेला हे माहीत आहे. काम थांबून पुन्हा सुरू होतं तेव्हा आपण ‘पुनश्च हरिओम’ म्हणतो. १८९७ च्या खटल्यात झालेला तुरुंगवास भोगून आल्यावर टिळकांनी १८९९ मध्ये ‘केसरी’चं लिखाण पुन्हा हाती घेतलं, तेव्हाच्या अग्रलेखाचं शीर्षक हेच होतं. त्यातला ‘पुनश्च’ महत्त्वाचा. ‘पुन्हा’ आहे, म्हणजे आधी काहीतरी होतं, मध्ये तुटलं होतं, आणि तिथूनच पुढे चाललो आहोत.

चोपडी आणि माग

कोऱ्या पाटीची कल्पना आपण कुठून घेतली कोण जाणे, पण या गावातल्या कामधंद्याने ती कधी मानलेली नाही. दोन उदाहरणं देतो.

दिवाळीच्या पाडव्याला चाटी गल्लीतल्या जुन्या पेढीवर नवी चोपडी पूजली जायची. हळदकुंकू, वर ‘श्री’, शुभ-लाभ. पान कोरं करकरीत. पण त्या पानावर पहिली रक्कम कोणती लिहायची? मागच्या चोपडीतली शिल्लक. कुणाकडून येणं आहे, कुणाचं देणं आहे, ते सगळं नव्या चोपडीत ओढलं जातं. पाडवा झाला म्हणून मी देणं लागत नाही, असं म्हणणारा व्यापारी बाजारात टिकला नसता. नवी चोपडी याचा अर्थ हिशेब नीट मांडायची नवी जागा.

दुसरं उदाहरण मागाचं. ज्यांच्या घरी चादरीचे किंवा टॉवेलचे माग चालतात, त्यांना हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. मागावर उभा ताणा असतो, शेकडो-हजारो धागे. ते बीमवर गुंडाळलेले असतात. बीम संपत आलं, की नवं बीम चढवतात. आता नव्या बीमचा प्रत्येक धागा वईच्या डोळ्यातून आणि फणीच्या दातातून ओवत बसायचं म्हटलं, तर केवढा वेळ जाईल! म्हणून जुन्या ताण्याची टोकं तशीच ठेवतात. नव्या बीमचा एकेक धागा जुन्या टोकाला गाठ मारून जोडतात आणि हलक्या हाताने सगळं पुढे ओढून घेतात. जुना धागाच नव्याला वाट दाखवत घेऊन येतो. गाठींचा तो थोडा पट्टा वाया जातो, पण पुढे कापड नवं असतं. नक्षीसुद्धा बदलता येते.

सोलापुरात इतकी वर्षं राहून नव्या सुरुवातीचं याहून चांगलं वर्णन मला कुठल्या ग्रंथात सापडलं नाही.

सुरुवात जेव्हा लादली जाते

इथे थोडं गंभीर बोलतो. ‘सगळं पुसून नव्याने सुरुवात’ ही इच्छा बहुतेक वेळा सुखवस्तू माणसाची असते. या गावातल्या हजारो माणसांना नवी सुरुवात करावी लागली ती कॅलेंडर पाहून नव्हे. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी ही नावं तुम्हाला माहीत आहेत. एक दिवस भोंगा वाजायचा थांबला. पंचेचाळिशीतला माणूस घरी बसला. त्याची पाटी खरोखरच कोरी झाली होती! आपण ज्या कोऱ्या पाटीचं स्वप्न पाहतो, ती त्याला फुकट मिळाली होती, आणि तिच्याइतकं भयंकर त्याने काही पाहिलं नव्हतं.

मग ती घरं कशी उभी राहिली? जे टोक हाताशी उरलं होतं, त्याला धागा जोडून. कुणी यंत्रमागावर गेला, कुणी रिक्षा घेतली. आणि कितीतरी घरांत टोक होतं ते आईच्या मांडीवरचं सूप. त्यात तेंदूची पानं आणि तंबाखू. विड्या वळून मुलं शिकवणाऱ्या बायका या गावात घराघरांत आहेत. २००६ मध्ये कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. घर नवं, पत्ता नवा, आणि नव्या ओट्यावर सूप तेच.

माझ्या वर्गात अशा घरांतली मुलं असायची. एक मुलगा दुसऱ्या वर्षात असताना यायचा बंद झाला. टॉवेलच्या कारखान्यात लागल्याचं कळलं. दोन वर्षांनी परत आला, मागच्या बाकावर बसला. तास संपल्यावर थांबला आणि म्हणाला, ‘सर, कुठून सुरू करू?’ मी म्हटलं, ‘सोडलं होतंस तिथून.’ त्याने पिशवीतून वही काढली. तीच जुनी वही, अर्धी लिहिलेली. त्याने ती जपून ठेवली होती. मला पुढे काही शिकवावं लागलं नाही, म्हणजे या विषयातलं तरी.

धागा तुटतो तेव्हा

आता संकल्पांकडे येऊ. संकल्प मोडतात. ९ जानेवारीला मोडतात, काहींचे ३ तारखेलाच मोडतात. हसू नका, आज तारीख काय आहे ते पाहा!

ॲरिस्टॉटलने सांगून ठेवलं आहे, की न्यायी कृत्यं करत करत माणूस न्यायी होतो, जसा घरं बांधत बांधत गवंडी गवंडी होतो. आधी गुण आणि मग कृती, असा क्रम नाही. आपल्याकडे पतंजलींनी ‘अभ्यास’ हा शब्द वापरला. दीर्घकाळ, खंड न पाडता, आदराने केलेला अभ्यासच पक्का होतो, असा त्यांचा आशय आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायातही चंचल मनावर हाच उपाय येतो. म्हणजे एका रात्रीत माणूस बदलतो असं आपली परंपराही म्हणत नाही आणि ग्रीकांचीही.

किती काळ लागतो? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांचा अभ्यास केला. तो २०१० मध्ये छापून आला. एखादी साधी गोष्ट अंगवळणी पडायला लागलेला काळ माणसागणिक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता, मधला आकडा ६६. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते: एखादा दिवस चुकला, तर सवय लागण्यात विशेष फरक पडत नव्हता.

आता कुणी म्हणेल, पतंजली तर खंड पडू देऊ नका म्हणतात. मला यात विरोध दिसत नाही. मागावर दिवसभरात धागे तुटतातच. विणकर माग थांबवतो, तुटलेलं टोक शोधतो, गाठ मारतो, माग चालू करतो. ‘धागा तुटला, आता पुढच्या पाडव्यापासून विणू’, असं कुणी म्हणत नाही. आपण मात्र संकल्पाचं नेमकं तेच करतो. एक दिवस चुकला की वर्ष वाया गेलं म्हणतो आणि पुढच्या जानेवारीची वाट पाहतो. कोऱ्या पाटीच्या मोहाचं खरं नुकसान हे आहे. डाग पडला की पाटीच टाकून द्यावीशी वाटते.

माफी आणि शब्द

शेवटचा मुद्दा नात्यांचा. ‘झालं गेलं विसरून जा, नवं वर्ष आहे’, हे वाक्य कोण म्हणतं, याकडे कधी लक्ष दिलंय? बहुधा ज्याने दुखावलं तो म्हणतो, आणि ज्याला दुखावलं त्याला म्हणतो. हे देणेकऱ्यानेच आपली चोपडी फाडण्यासारखं झालं.

हाना आरेंट यांनी १९५८ च्या ‘द ह्युमन कंडिशन’ या ग्रंथात यावर फार नेमकं लिहिलं आहे. माणसाच्या कृतीला दोन अडचणी असतात. केलेलं परत घेता येत नाही, आणि पुढे काय होईल ते सांगता येत नाही. पहिल्या अडचणीवर माणसाकडे उपाय आहे क्षमा, दुसरीवर वचन. आणि दोन्ही एकट्याने होत नाहीत. क्षमा समोरच्याने करायची असते, वचन समोरच्याला द्यायचं असतं.

आपल्या गावात जैन बांधव पर्युषणानंतर क्षमावाणीला एकमेकांची क्षमा मागतात. पुढच्या आठवड्यात आपणही तिळगूळ देऊ. गोड बोलायची विनंती करावी लागते, याचाच अर्थ मध्ये कधीतरी कडू बोललो होतो. आणि उगादीच्या पचडीत गुळाबरोबर कडुनिंबाचा मोहोर असतो, गुढीपाडव्यालाही कडुनिंबाचा पाला तोंडात घालूनच दिवस उघडतो. कडू आधी गिळायचं आणि मग वर्ष सुरू करायचं. पूर्वजांना मानसशास्त्र कळत होतं, असं म्हणायला हरकत नाही.

तेव्हा या जानेवारीत एखादा संकल्प करायचाच असेल, तर त्याआधी एक काम करा. मागची शिल्लक काढा. कुणाचं देणं आहे? पैशाचंच असं नाही. एखादं पत्र, एखादी भेट, एखादी माफी. ते नव्या पानावर पहिल्या ओळीत लिहा. संकल्प दुसऱ्या ओळीत.

श्रोत्यांचा एक प्रश्न

(व्याख्यानानंतर एका ज्येष्ठ श्रोत्यांनी विचारलं: ‘हे तरुणांना ठीक आहे. आमच्या वयात कसली नवी सुरुवात? पुरं कधी करणार?’)

प्रश्न चांगला आहे आणि तो माझाही आहे, मीही सत्तरी ओलांडली आहे. मी गेल्या वर्षापासून कन्नड लिपी शिकतो आहे. बोललेलं कन्नड इथे लहानपणापासून कानावर आहे, पण सिद्धरामेश्वरांची वचनं मूळ कन्नडमधून वाचावीत असं फार दिवस मनात होतं. अजून पाटी वाचताना अडखळतो. सगळी वचनं वाचून होतील का? बहुधा नाही.

पण सुरुवातीची किंमत ती पूर्ण होण्यावर असते, हे तुम्हाला कुणी सांगितलं? येत्या १२ तारखेला आपण चार हुतात्म्यांना अभिवादन करू. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. मे १९३० मध्ये हे गाव इंग्रजांविरुद्ध उठलं, इथे मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी दिली. जे सुरू झालं होतं, त्याचा शेवट त्यांनी पाहिला नाही. तो आपण पाहिला. ताण्याचं त्यांच्या हातातलं टोक पुढच्यांनी जोडून घेतलं.

आपली कामं लहान असतात, पण रीत तीच आहे. आपल्या वयाला एवढं करता येतं, की टोक स्वच्छ ठेवायचं, गुंता करून ठेवायचा नाही, म्हणजे पुढच्याला गाठ मारता येते. आणि जमेल तितकं विणत राहायचं. माझी कन्नडची उजळणीची वही आहे, तिच्यात नातीने परवा स्वतःचं नाव लिहून ठेवलं. कन्नडमध्ये. माझ्यापेक्षा वळणदार आहे.

आता तुम्ही मघाशी विचारलंत म्हणून मीही विचारतो. तुमचं कोणतं काम अर्धवट राहिलं आहे? मला सांगू नका. घरी जा, ती जुनी वही शोधा, आणि जिथे थांबला होतात तिथून पुढची ओळ लिहा.